पाच पापांचं शुद्धलेखन

वयाच्या तेराव्या वर्षी माझी पाच पापं आमच्या अख्ख्या गल्लीला तोंडपाठ होती. एवढी प्रसिद्धी मला पुढे आयुष्यात कधी मिळाली नाही.

आम्ही नऊ भावंडं. कॅथलिक. मुक्काम कोल्हापूर, उद्यमनगरामागची गल्ली, पुढे सोपा आणि आत दोन खोल्या. सत्तरच्या दशकातली गोष्ट. वडील फाउंड्रीत साचे बनवायचे आणि घरी आले की मुलं मोजायचे. (नावं विचारायचे नाहीत. नऊ भरली की जेवायला बसायचे. एकदा दहा भरली, तरीही बसले. गल्लीतला कुणाचा तरी पोरगा त्या दिवशी पोटभर जेवून गेला!) नवांत मी थोरली. नाव फिलोमिना. आई मला फिलू म्हणायची आणि बाकीची आठ अक्का. त्या 'अक्का'नं माझ्या डोक्यात फार लवकर हवा गेली होती.

आमची शाळा घरातच होती. त्याचं असं झालं, की माझा धाकटा भाऊ सायमन डावखुरा. पहिलीत मास्तरांनी त्याचा डावा हात सुतळीनं बाकाला बांधून ठेवला. आई डबा द्यायला गेली होती, तिनं ते बघितलं. आई चंदगडची, लग्नाआधी चार वर्षं स्वतः शाळेत शिकवलेली. तिनं सुतळी सोडली, सायमनला उठवलं, जाता जाता शेजारच्या वर्गातून मलाही उचललं आणि हेडमास्तरांना सांगितलं, "आजपासून माझी पोरं मी शिकवणार. परीक्षेला तेवढी आणून बसवीन." बसवलीही. दरवर्षी!

वर्ग चुलीपुढे भरायचा. आई भाकरी थापता थापता पाढे घ्यायची. या शाळेचे नियम दोनच. पहिला, मोठ्यानं धाकट्याला शिकवायचं. दुसरा, कुणी अडखळला तर हसायचं नाही. बाकीच्यांनी लगेच एका सुरात पुढचं सांगायचं. "एकट्याला उघडं पाडायचं न्हाई कुणी," आई म्हणायची. नियम सुंदरच होता. त्यानंच माझा घात केला.

आमच्यात मूल सात-आठ वर्षांचं झालं की त्याचं पहिलं कम्युनियन होतं, म्हणजे देवळातला पहिला प्रसाद मिळतो. मुलगा पांढरा सदरा, मुलगी पांढरा झगा, देवळात गोडधोड, फोटो. पण त्याआधी मुलानं फादरांपाशी जाऊन आपली पापं सांगायची असतात. आई त्याला कुमसार म्हणायची. माझं कधीच झालं होतं. पण आईची एकामागून एक बाळंतपणं आणि त्यातली आजारपणं, त्यात तिघं रखडली. सायमन दहाचा, मोनी नऊची, बस्त्याव सातचा.

एका रविवारी देवळातली प्रार्थना, म्हणजे मिस्सा, झाल्यावर फादरांनी आईला बाजूला घेतलं.

"बाई, पाढे घरी शिकवता येतात. धर्माचं तसं नाही. जूनमध्ये या तिघांना बेळगावच्या बोर्डिंगात घालू या."

"फादर, ईस्टरच्या आधी एकदा घरी या. परीक्षा घ्या, पापं ऐका. नापास झाली तर खुशाल न्या," आई म्हणाली. आवाज ठाम होता, पण माझा हात तिनं घट्ट आवळून धरला होता.

घरी आल्यावर तिनं आमटीत दोनदा मीठ घातलं. धाकटं तीन महिन्यांचं, तापानं फणफणलेलं, मांडीवरून उतरत नव्हतं. तिनं मला जवळ बोलावलं. "फिलू, तिघांची तयारी तुझ्यावर. माझी पोरं माझ्याजवळ राहू देत गं बाई."

आता सांगा, अशा वेळी कुठल्या अक्काचा ऊर भरून येणार नाही? मी कामाला लागले. प्रार्थना झाल्या. दहा आज्ञा झाल्या. तिघांना झोपेतून उठवून विचारलं तरी बिनचूक सांगायची. फादर शनिवारी सकाळी यायचे होते आणि शुक्रवारी दुपारी मी सहज विचारलं, "पापं तयार हाईत न्हवं?"

"कसली पापं?" सायमन म्हणाला.

"तुझी."

"मी काय केलंय? हितं पाप करायला जागा तरी हाय का? कुठंबी गेलं तरी चार जण बघत असत्यात!"

"मोनी, तुझं?"

"माझं एक हाय. मला सायमन आवडत न्हाय."

"ते सगळ्यांचंच हाय. दुसरं?"

दुसरं नव्हतं. एवढ्यात बस्त्यावनं हात वर केला. "अक्का, मी खून केलाय!"

"कुणाचा?"

"झुरळाचा. दोन."

पापच सांगता येत नाही म्हटल्यावर फादर म्हणणार, यांना काही शिकवलेलंच नाही! मला डोळ्यांपुढे तीन ट्रंका दिसल्या आणि त्यांच्यामागे स्टँडवर रडणारी आई. मी म्हटलं, "वह्या काढा. शुद्धलेखन."

पण सांगायचं काय? मनानं पापं रचून दिली तर ते खोटं बोलणं. म्हणजे ते नवंच पाप. (धर्म मला पक्का येत होता!) खरी, अस्सल, केलेलीच पापं हवी होती. आणि तशी घरात एकाच व्यक्तीकडे शिल्लक होती. मी घसा साफ केला आणि माझी स्वतःची घातली.

"एक. आईला उलट उत्तर दिलं. पूर्णविराम. दोन. संध्याकाळच्या जपमाळेला डुलकी काढली. तीन. धाकट्या भावाला मारलं. चार. हौसामावशीच्या कोंबडीचं अंडं चोरून खाल्लं. पाच. उपासकाळात शुक्रवारी मटण खाल्लं."

चार आणि पाच यांचा थोडा खुलासा करते. हौसामावशी आमची भिंतीला भिंत लागून शेजारीण. तिची कोंबडी येऊन आमच्या जळणात अंडं घालायची. आता आमच्या जळणात घातलेलं अंडं कुणाचं, हा वादाचा मुद्दा आहे, पण मी वाद न घालता खाल्लं. तेव्हापासून पंधरा दिवस मावशी एका मुंगसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. राहिलं मटण. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आमचा उपासकाळ; त्यात शुक्रवारी मटणाला शिवायचं नाही. आणि कोल्हापुरात बुधवार, शुक्रवार, रविवार हे मटणाचेच वार! आमच्या ताटात वरण आणि भिंतीपलीकडे पांढऱ्या रश्श्याला उकळी. देवानंही जरा शेजार बघून वार ठरवायला हवे होते.

"अक्का, मी अंडं कवा चोरलं?" बस्त्याव लिहिता लिहिता थांबला.

"गप लिही."

"आन् धाकट्याला तर मी कवाच मारलं न्हाई."

"मग आत्ता मार एकदा."

बस्त्याव आज्ञाधारक. उठला, चार वर्षांच्या इनासच्या पाठीत एक धपाटा घातला आणि परत येऊन लिहायला बसला. (यादीतलं एक तरी पाप खरं झालं!) मग मी पाठांतर घेतलं. पाढ्यासारखं, वरून खाली, खालून वर. दोन खोल्यांच्या घरात एकाचं पाठांतर म्हणजे सगळ्यांचं पाठांतर. संध्याकाळी इनास गोट्या खेळता खेळता चौथं पाप गुणगुणत होता. मला तर शिक्षणाचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

शनिवारी फादर फटफटीवरून आले. सोप्यात घोंगडं अंथरलेलं, आम्ही ओळीनं बसलेलो, वडील इस्त्रीच्या शर्टात अवघडून उभे. प्रार्थना विचारल्या, तिघं फाडफाड बोलली. आज्ञा विचारल्या, तशाच. आईच्या चेहऱ्यावर महिन्याभरानं रंग आला.

"छान! आता पापनिवेदन," फादर म्हणाले. आईनं मधल्या खोलीच्या दाराला जुनं लुगडं बांधून पडदा केला होता. फादर आत खुर्चीवर जाऊन बसले.

तेवढ्यात हौसामावशी तांब्या घेऊन आली. "पावणं आल्यात न्हवं? च्याला म्हशीचं दूध आणलंय," असं म्हणून सोप्यातच टेकली. तिला हा कार्यक्रम बघायचाच होता.

सायमन आत गेला, दोन मिनिटांत बाहेर आला. चेहरा संतासारखा. मोनी आत गेली. थोड्या वेळानं आतून फादरांना जोराचा ठसका लागल्याचं ऐकू आलं. मोनी बाहेर आली. आई हळूच म्हणाली, "पाणी देऊ का त्यांना?" मग बस्त्याव गेला.

आतून पुटपुटणं ऐकू येत होतं. ते थांबलं. मग लुगडं हललं आणि त्यातून बस्त्यावचं डोकं बाहेर आलं.

"अक्का, चौथं पाप कुठलं गं? इसरलो."

मी डोळे मोठे केले. मान हलवली. ओठ दाबले. पण शाळेचा नियम तो नियम! वर्गातला एक अडखळला होता. त्याला उघडं पाडायचं नव्हतं. आमचा अख्खा वर्ग एका सुरात, इनाससकट, छत उडेल अशा आवाजात ओरडला,

"चार! हौसामावशीच्या कोंबडीचं अंडं चोरून खाल्लं!"

मावशीच्या हातातला तांब्या डचमळला. "आगं बया!"

आणि पाढा एकदा सुरू झाला की मध्ये थांबत नाही. "पाच! उपासकाळात शुक्रवारी मटण खाल्लं!"

"कुणी?" आई ताडकन उठली. "कुणी खाल्लं?"

"कुणी म्हंजे?" मावशी म्हणाली. "फिलूनं की! चांगलं दोन वाट्या रस्सा प्याली. मला म्हनली, आईनंच पाठवलंय." (हे सहावं. घाईत ते लिहून द्यायचं राहून गेलं होतं.) "आन् अंडंबी हीच व्हय? आन् मी त्या मुंगसाला पंधरा दिस शिव्या घालतीया!"

वडील छताकडे बघू लागले. आई माझ्याकडे बघत होती. ती रागावली असती तर चाललं असतं. ती घाबरली होती. तिला वाटलं, संपलं, आता पोरं जाणार. ते बघितलं आणि मला रडूच फुटलं.

"फादर, त्यांना नेऊ नका!" मी पडद्याकडे तोंड करून ओरडले. "पापं माझी हाईत. सगळी माझी! त्यांच्याकडं एकबी न्हाई, तर मी काय करू?"

लुगडं बाजूला झालं. फादर बाहेर आले. डोळ्यांना रुमाल लावलेला, खांदे गदगदत होते. मला वाटलं, तेही रडतायत. मग कळलं की हसतायत. त्यांना बोलता यायला बराच वेळ लागला.

"आत काय ऐकलं ते मी मरेपर्यंत कुणाला सांगणार नाही," ते म्हणाले. "बाहेर जे झालं ते गल्लीनं ऐकलंच आहे. बाई, तिघंही तुमच्याजवळच राहू देत. एकीची पापं सगळी मिळून वाटून घेतात, त्या घराला मी आणखी काय शिकवणार?"

आई मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मी तिला जाऊन मिठी मारणार, एवढ्यात फादर पुढे बोलले.

"पण जूनमध्ये या मास्तरीणबाईंना तेवढं बोर्डिंगात पाठवा. यांना शाळेची फार गरज आहे."

"जून कशाला?" मावशी म्हणाली. "उद्याच धाडा की!"

ईस्टरला तिघांचं कम्युनियन थाटात झालं. आणि जूनमध्ये आमच्या घरातून एकच ट्रंक बेळगावच्या एसटीवर चढली. माझी. आई रडत होती, वडील उगाचच ट्रंकेचं कुलूप ओढून बघत होते. गाडी सुरू झाली तसा बस्त्याव खिडकीपाशी धावत आला आणि त्यानं गज धरला.

"अक्का, तू एकदम नाताळालाच येणार न्हवं? त्याच्या आधी न्हाईच न्हवं?"

भाऊ तो भाऊच! "न्हाई रे बाळा," मी डोळे पुसत म्हटलं. "नाताळाशिवाय न्हाई येता यायचं मला."

त्यानं गज सोडला, बाकीच्यांकडे वळला आणि आनंदानं उडी मारून ओरडला, "नाताळापर्यंत सुट्टी रेऽऽ!"