सुपातल्या मिरच्या
मिरच्यांची देठं खुडल्यावर बोटांना जो तिखट वास राहतो, तो आला की मी मनाने बाळकुमच्या आमच्या ओट्यावर जाऊन बसतो. हवाई दलात वैमानिक व्हायचं म्हणून मी अर्जाच्या तयारीला लागलेलो, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं की रंगांधळेपणा बहुतेक वेळा आईकडून येतो. माझ्या मामाला लाल-हिरव्यातला फरक कळायचा नाही, पण त्याला ते कधी पटलंच नाही. मला सगळं नीट दिसतंय असं मला वाटायचं. मामालाही तसंच वाटायचं की! आईने परसातल्या ओल्या मिरच्या, लाल नि हिरव्या, सुपात मिसळून माझ्यापुढे ठेवल्या. "निवड रे," एवढंच म्हणाली आणि समोर बसून माझ्या हातांकडे बघत राहिली. मी एकेक मिरची उचलून दोन ढीग लावत गेलो. शेवटची मिरची ठेवून वर पाहिलं, तर आई डोळे पुसत हसत होती. तेवढ्यात मामा आला, ओट्यावर टेकला आणि म्हणाला, "अरे, एकसारख्याच मिरच्या, दोन ढीग कशाला केलेस?" विमानं उडवून आता निवृत्तही झालो, तरी कुठे लाल-हिरवे दिवे एकत्र दिसले की मला मामाच्या त्या प्रश्नावर खाली गेलेली आईची मान आठवते.