शिवणबाई आणि खंड्याचं बीळ

मी उशांना अभ्रे घालत होते. दोन झाले होते, तिसऱ्या उशीचा एक कोपरा कसाबसा आत गेला होता, तेवढ्यात दार वाजलं. समोरच्या घरातल्या शिवणबाई उभ्या होत्या. सोमवारची सकाळ, एव्हाना त्या शाळेत असायच्या.

"वहिनी, लांब दांड्याचा चमचा आहे का? बरणीतला?"

"आहे की. पण एवढं खोल काय ढवळायला काढलंत?"

एरवी त्या हसल्या असत्या. "नदीवर न्यायचाय," म्हणाल्या. "वाकला तर नवा आणून देईन."

त्यांचा चेहरा पाहून मी उशी तिथेच टाकली आणि चपला घातल्या. "तुम्ही कशाला," असं त्या दोनदा म्हणाल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या नाहीत.

शिवणबाई हे काही त्यांचं नाव नव्हे, पण आता पोस्टमनसुद्धा त्यांना तेच म्हणतो. आईला घेऊन त्या या इमारतीत राहायला आल्या. आई गेली तेव्हा सामान तेवढंच राहिलं, आवाज मात्र निम्मा झाला. भावाचा फोन येतो, दोन मिनिटांत सगळं विचारून होतं. उभं आयुष्य शाळेत मुलींना काजं-बटणं आणि उलटी शिलाई शिकवण्यात गेलं. मग एका वर्षी शिवणाचा तास वेळापत्रकातून गेला. शिवणाच्या खोलीत संगणक आले, मशिनं जिन्याखाली गेली. बाईंना जिन्याखाली ठेवता येईना, म्हणून मुख्याध्यापकांनी त्यांना नदी मंडळ, म्हणजे नदीकाठाची देखभाल करणारा मुलींचा गट, दिलं. ते कोणालाच नको होतं.

"मला नदीतलं काय कळतंय?" त्या मला म्हणाल्या होत्या. "मी पाण्यात घोट्याच्या वर कधी गेले नाही."

पण हात स्वस्थ बसणारे नव्हते. पावसाळ्यात काठ ढासळतो असं पाहिल्यावर त्यांनी मुलींकडून गोणपाटाच्या पिशव्या शिवून घेतल्या, त्यांत माती आणि गवताचं बी भरलं आणि उतारावर रचल्या. गवताने मुळं धरली. काठ थांबला. आमचे हे म्हणाले, "बघ, पुढच्या वर्षी बाई माशांना झबली शिवतील." मी हे बाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "माप आणून द्या म्हणावं."

त्या थांबलेल्या काठातच खंड्या आला. निळ्या पाठीचा, आखूड शेपटीचा, नाकापेक्षा मोती जड तसा अंगापेक्षा चोच मोठी असलेला. मातीच्या उभ्या भिंतीत बीळ करून तो आत अंडी घालतो, हे बाईंनी वाचनालयातून पुस्तक आणून शोधलं. संध्याकाळी जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून त्या मला खंड्याची खबर द्यायच्या. आज जोडी दिसली. आज एकच दिसला, म्हणजे दुसरा अंड्यांवर असेल. गेल्या आठवड्यात तर डोळे चमकत होते. "वहिनी, पिल्लं झाली. मासा उलटा धरतोय."

"उलटा म्हणजे?"

"स्वतः खायचा असला की माशाचं डोकं घशाकडे. पिल्लाला द्यायचा असला की डोकं बाहेर. म्हणजे पिल्लाच्या तोंडात सरळ जातो, खवले टोचत नाहीत."

आईची माया चोचीतही असते, देवाने काही विसरलं नाही, असं मी म्हणाले. त्या मान डोलावत राहिल्या. ते बीळ कुठे आहे हे मात्र त्यांनी मला सांगितलं नाही, मंडळातल्या मुलींनाही नाही. मुली गर्दी करतील, पाखरं बिचकतील, म्हणून.

रविवारी नदीकाठाची साफसफाई होती. शाळेची मुलं आणि आमची रहिवासी समिती मिळून. समितीच्या अध्यक्षांचं पूर्वी साबणाचं दुकान होतं, त्यामुळे स्वच्छतेवर त्यांचा जुना हक्क. काठात उंदरांची बिळं झाली आहेत, ती बुजवली नाहीत तर पावसात काठ बसेल, असं त्यांनी मुलींना आदल्या आठवड्यातच सांगून ठेवलं होतं. मुलींनी ते मनावर घेतलं आणि बाईंना चकित करायचं ठरवलं. गुपचूप जाऊन प्रत्येक बिळाचं माप घेतलं, त्या मापाची गोणपाटाची गोल बुचं शिवली, आत लाकडाचा भुसा ठासला आणि कडेने जिने तिने आपल्या आवडीच्या रंगाचा दोरा घातला. बाई दिवसभर पुलापलीकडे प्लॅस्टिक गोळा करणाऱ्यांबरोबर होत्या. तिन्हीसांजेला परत आल्या, तर मुली ओळीने उभ्या, काठात रंगीत कडांची बुचं आणि अध्यक्ष टाळ्या वाजवताहेत.

"बाई, एकही सैल नाही. ओढून बघा."

बाईंनी एक ओढून पाहिलं. निघालं नाही. "टाके छान आलेत," त्या म्हणाल्या. खंड्याचं बीळ लोंबत्या मुळांच्या आड आहे, तिथवर कोणाची नजर गेली नसणार, असं त्यांना वाटलं. अंधारून आलं होतं. मुलींबरोबर त्याही घरी आल्या.

सोमवारी शाळेत जाताना त्यांनी तारेवर खंड्या पाहिला. चोचीत मासा, डोकं बाहेर. तो भिंतीकडे झेपावायचा, फडफडायचा आणि मासा तसाच धरून तारेवर परतायचा. बाईंनी शाळेत निरोप धाडला आणि त्या चमचा मागायला माझ्याकडे आल्या.

हे सगळं त्यांनी मला वाटेत सांगितलं. काठावर पोचलो. साडी काष्टा मारल्यासारखी खोचून त्या पाण्यात उतरल्या, पार गुडघ्यापर्यंत. मुळं बाजूला केली. आत बूच होतं, निळ्या दोऱ्याच्या कडेचं, इतकं नीट बसलेलं की नख शिरेना. चमच्याचा दांडा कडेने घालून त्या उचकू लागल्या. मुलींना त्यांनीच शिकवलं होतं, शेवटचा टाका दुहेरी घ्यायचा म्हणजे उसवत नाही. तो उसवत नव्हता. मी काठावर बसून देवाचं नाव घेत होते, दुसरं काय करणार.

शेवटी बूच निघालं. आतून माशांचा कुबट वास आला. बाईंनी कान लावला.

"येतोय का आवाज?" मी विचारलं.

"आपण लांब जाऊ. आपण असताना तो येणार नाही."

आम्ही पुलावर जाऊन उभ्या राहिलो. बाईंच्या साडीतून पाणी ठिबकत होतं. बऱ्याच वेळाने खंड्या आला, आता भिंतीपाशी अडला नाही, सरळ आत गेला. बाईंनी माझं मनगट धरलं. तो बाहेर आला तेव्हा मासा चोचीतच होता. तारेवर बसला. थोडा वेळ तसाच. मग त्याने मासा चोचीत फिरवला, डोकं घशाकडे केलं आणि गिळला.

बाईंनी माझं मनगट सोडलं. "चला," म्हणाल्या. "तुमच्या उशा राहिल्यात ना."

जिन्यात अध्यक्ष भेटले. माझ्याकडून त्यांना कळलं. माणूस वाईट नाही, कपाळाला हात लावून पायरीवर बसलेच. मग म्हणाले, "बाई, एक सांगू का? मुलींना हे सांगू नका. पोरींचा जीव केवढा. झालं ते नदीला वाहिलं."

"आणि पुढच्या रविवारी समोरचा काठ साफ करायचाय ना तुम्हाला," बाई म्हणाल्या. "पोरी आतापासून बुचं शिवतायत. काय सांगून थांबवू?"

बाईंना कशाची भीती होती ते मला दिसत होतं. या मुली सोडल्या तर बाईंच्या दाराची घंटा वाजवणारं कोणी नाही. दूधवाला आणि मी.

संध्याकाळी ती वाजली. खालच्या मजल्यावरची चष्मेवाली होती, मंडळात सगळ्यांत हुशार, बाईंच्या मागे शेपटीसारखी फिरणारी. माझं दार उघडंच होतं.

"बाई, तुम्ही आज का नाही आलात? आम्ही नवीन नऊ बुचं केली. बघा ना."

"आत ये. बस."

"उभीच ठीके. आई ओरडेल."

मग बाईंनी सांगितलं. आडवळण घेतलं नाही. कोणतं बीळ, आत काय होतं, सकाळी काय पाहिलं. मुलगी हातातल्या बुचांकडे बघत राहिली.

"दोरा कोणता होता?" तिने विचारलं.

बाईंनी तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

"बाई, निळा होता का?"

"जागा मला माहीत होती," बाई म्हणाल्या. "मी तुम्हाला दाखवली नाही. दाखवली असती तर तूच त्या बिळावर पहारा दिला असतास. चूक तिथे झाली, टाक्यात नाही."

"पण निळा होता ना?"

"हो."

ती बुचं दारात ठेवून खाली गेली. धावत नाही, एकेक पायरी. थोड्या वेळाने तिची आई वर आली. "बाई, जेवत नाहीये ती. एवढ्याशा पोरीला असलं सांगतात का हो?" बाई म्हणाल्या, "सांगावं लागलं." आई पुढचं ऐकायला थांबली नाही.

त्या रात्री देवापुढे बसले तर मला मागणं सुचेना. सकाळी पिल्लं मागितली होती, ती मिळाली नाहीत. रागावण्याएवढी माझी लायकी नाही. बाईंना दार वाजवणारं कोणी असू दे, एवढंच म्हटलं.

मंगळवारी मंडळाच्या तासाला तीनच मुली आल्या. बुधवारी दोन. चष्मेवाली जिन्यात बाईंना पाहून भिंतीकडे तोंड करते. बाई तिला हाक मारत नाहीत, फक्त तिला वाट देतात. संध्याकाळी जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहणं त्यांनी बंद केलंय. दाराआडून मशिनचा आवाज येतो, थांबतो, पुन्हा येतो. काय शिवता, म्हणून मी विचारलं. "जुन्या चादरी," म्हणाल्या. "मधोमध विरल्यात. कापून कडा मध्ये घेतेय."

आज सकाळी मात्र त्यांनी स्वतः माझं दार वाजवलं. खंड्याची जोडी काल समोरच्या काठावर दिसली, चोचींना ओली माती. नवं बीळ कोरतायत. तोच काठ, रविवारचा. अध्यक्षांना त्या भेटून आल्या होत्या. "तुम्ही खूण करा बाई," ते म्हणाले, "खूण असेल तिथे फावडं लागणार नाही, माझा शब्द." मंडळात उरलेल्या दोन्ही मुलींना कालच मधल्या सुट्टीत नेऊन बाईंनी बीळ दाखवलं. या वेळी लपवलं नाही.

"चष्मेवालीला?" मी विचारलं.

"निरोप दिला तिच्या आईकडे. पोचला का ते माहीत नाही."

"संध्याकाळी खूण करायला मी येऊ का बरोबर?"

"नको वहिनी, तुमच्याकडे माणसं जेवायला आहेत."

शाळा सुटली की बाई रंगाच्या दुकानात जाणार आहेत, पिवळ्या रंगाचा लहान डबा आणि एक ब्रश आणायला.