सभेचं घासलेट

घासलेटचा वास आला की मला एरंडोलची ती सभा आठवते आणि तोंड कडू होतं. मी तेव्हा जळगावच्या तेल डेपोत नोकरीला होतो. टंचाईचे दिवस होते. मी दोन डबे घेऊन एरंडोलच्या दुकानात पोचलो, तेव्हा बायका सकाळपासून बाटल्या घेऊन उन्हात बसलेल्या. तेवढ्यात इस्त्रीची टोपी घातलेला एक कार्यकर्ता चिठ्ठी नाचवत आला. “दोन्ही डबे सभेच्या गॅसबत्त्यांना पाहिजेत. साहेब आज घरोघरी वीज देण्यावर बोलणार आहेत.” सभेला अर्धा डबा पुष्कळ झाला असता, बाकीचं कुठं जाणार, हे दुकानदाराच्या खाली घातलेल्या मानेवरूनच कळत होतं. रांगेतली एक म्हातारी उठली. “भाऊ, मन्ही पोरनं बाळंतपण शे, घरमा थेंबभर तेल नही.” कार्यकर्ता खेकसला, “अक्का, हे देशाचं काम आहे!” मी म्हणालो, “मग ते अंधारातही होईल,” आणि डबा फोडून तिची बाटली गळ्यापर्यंत भरली. मग सगळ्यांच्याच भरल्या. दुसऱ्या डब्याच्या तळाशी उरलेलं तेवढं सभेला दिलं. रात्री भाषण रंगात आलं आणि बत्त्या विझल्या. माणसं घरी गेली, साहेब मात्र काळोखात वीज वाटतच राहिले. आठवड्याभरात माझी धुळ्याला बदली झाली, शिस्तभंगाचा शेरा मारून. पुढं तिथंच उरलेली नोकरी काढली, वरून आलेले शेकडो हुकूम मुकाट पाळले. त्यांतला एकही आता मला आठवत नाही.