चोरट्या चहाचा खटला

मीनाक्षीताई खरे जन्मभर नियमाला घाबरून राहिल्या. ब्रिस्टलच्या रस्त्यावर एकही गाडी नसली तरी सिग्नलचा हिरवा माणूस दिसेपर्यंत त्या फुटपाथ सोडत नसत. हॉस्पिटलच्या लॅबमधून रिटायर झाल्यावर, २००७ साली, त्यांनी इतिहासाच्या एका क्लासला नाव घातलं. विषय होता जुन्या इंग्लंडमधले गुन्हे आणि कायदे. बाई पार रंगून गेल्या. जेवताना नवऱ्याला, डॉक्टर श्रीकांतना, त्या ऐकवायच्या, की सोळाव्या शतकात, ट्यूडर राजांच्या काळात, धडधाकट माणूस कामाशिवाय भटकताना सापडला तर त्याला चाबकाचे फटके मिळत. पुढे तर तोंडाला काळं फासून हरणामागे जंगलात शिरणाऱ्याला फाशी व्हायची. माणूस तोच, फक्त पार्लमेंटने कायदा केला की तो गुन्हेगार, असं त्या म्हणायच्या. श्रीकांत मान डोलवून आमटी वाढून घ्यायचे.

टर्म संपताना क्लासने चर्चच्या हॉलमध्ये अठराव्या शतकातला एक खटला उभा केला. आरोपी होती कर चुकवून चहा आणणारी बाई. चहावर तेव्हा इतका जबर कर होता की भल्याभल्या घरांत चोरटाच चहा उकळायचा. आरोपीचं काम करणाऱ्या बाईंना ऐनवेळी फ्लू झाला. शिकवणाऱ्या हिलरीने मीनाक्षीताईंना घोळदार घागरा घातला, आत चहाच्या पुरचुंड्या बांधल्या आणि त्यांना स्टेजवर ढकललं.

न्यायाधीश झालेल्या पाद्रीबाबांनी विग सावरत चहाबद्दल विचारलं आणि नेमकी घागऱ्यातली गाठ सुटली. एकामागून एक पुरचुंड्या बदाबदा खाली पडल्या. हॉलमध्ये हशा उसळला. मीनाक्षीताईंना पाठांतरातलं काहीच आठवेना. खाली पाहून त्या शांतपणे म्हणाल्या, "मायलॉर्ड, हा चहा माझा नाही. केव्हापासून माझ्या मागे लागलाय."

मग त्या थांबेचनात. ज्याच्या घरी कर भरलेला चहा येतो त्याने हात वर करावा, असं त्यांनी सगळ्यांना बजावलं. एकही हात वर झाला नाही. पाद्रीबाबांनी स्वतःचे हात झग्यात लपवले. पहिल्या रांगेत ज्युरी होऊन बसलेल्यांनी हसत हसत आरोपीला सोडून दिलं. जुन्या ज्युरीही गावच्या माणसाला अशाच सोडायच्या, हे हिलरीनेच तर शिकवलं होतं.

त्याच चहात आलं-वेलची घालून मीनाक्षीताईंनी सगळ्या कोर्टाला पाजला. घागरा न बदलता त्या, खटला बघायला आलेल्या श्रीकांतबरोबर, बसच्या वरच्या मजल्यावर चढल्या आणि हसून हसून त्यांना उचकी लागली.

"अगं, हे सगळं तुझ्यात होतं कुठे?" श्रीकांतनी डोळे पुसत विचारलं.

"अहो, लॅबमध्ये कोणी विचारलंच नाही."

पुढच्या टर्मला त्यांनी चेटकिणीचं काम मागून घेतलं.