जर्मन वर्दीतला व्याही

साठच्या दशकात मी दुबईत खाडीलगतच्या एका मालवाहतूक कचेरीत कारकून होतो. आम्ही रत्नागिरीकडचे आठजण एकाच घरात राहायचो. त्यातल्या त्यात बरं अक्षर माझं, म्हणून सगळ्यांची गावची पत्रं माझ्याच गळ्यात. त्यामुळे प्रत्येकाच्या घरातलं सगळं मला ठाऊक, आणि स्वभाव तिरसट असूनही ते पोटात ठेवायची सवय लागली होती.

आमच्यातल्या ड्रायव्हरचाचांच्या मुलीचं आमच्यातल्याच हवालदारचाचांच्या मुलाशी जमत आलं होतं. हवालदारचाचा महायुद्धात इंग्रजांच्या पलटणीतून इटलीत लढले होते. जर्मन तोफेच्या गोळ्यानं त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं नेली होती. ही कथा आम्ही कालवणाबरोबर रोज जेवायचो. ड्रायव्हरचाचा मात्र एवढंच म्हणत, "आपण भी फौजमें होते. आफ्रिकेत कैद झालो. खलास." पुढं विचारलं की तोंडात गुळणी धरायचे.

एका शुक्रवारी आम्ही शारजाला निघालो आणि लॉरी वाळूत रुतली. अंगात जोर नाही म्हणून मला स्टिअरिंगवर बसवलं. बाकीचे मागून ढकलत होते, पण ज्याचा त्याचा धक्का वेगळ्या वेळी. ड्रायव्हरचाचा वैतागले आणि मोठ्यानं ओरडले, "आइन्स! त्स्वाय! द्राय!" सगळ्यांनी एकदम जोर लावला आणि लॉरी निघाली. मी आनंदानं मागं पाहिलं, तर हवालदारचाचा जागीच उभे.

"ही जर्मन गिनती मी समोरच्या खंदकातून ऐकलेली आहे," ते म्हणाले. "तू कुठे शिकलास?"

ड्रायव्हरचाचा वाळूत खाली बसले आणि वीस वर्षं दाबून ठेवलेलं सगळं बोलले. कैदेतून त्यांना जर्मनीला नेलं होतं. तिथं हिंदी कैद्यांची वेगळी पलटण उभी राहत होती. देश सोडवायला जायचं असं सांगितलं, म्हणून तेही भरती झाले. वर्दी जर्मन, हुकूम जर्मन. हिंदुस्थान राहिला बाजूला, फ्रान्सच्या किनाऱ्यावर पहारा करायला लावलं. पुढं इंग्रजांनी पकडून आणलं आणि फौजेतून काढून टाकलं. गावात त्यांनी सांगितलं की सारा वेळ कैदेतच होतो.

"देशासाठी गेलो का पोटासाठी, ते मलाच नाही माहीत," ते म्हणाले. "दोन्ही असेल. त्या जर्मनांनी केवढा जुलूम केला ते नंतर कळलं. तेव्हापासून शरम वाटते."

आम्ही परत आलो. हवालदारचाचा आठ दिवस वेगळे जेवले. घरातले बाकीचे म्हणायला लागले, झाकली मूठ सव्वा लाखाची, उगाच तोंड उघडलं. ड्रायव्हरचाचांचं जेवण तुटलं. मुलीचं जमत आलेलं मोडलं तर गावात कारण सांगावं लागणार, आणि ते सांगायचं कसं, हाच घोर त्यांना होता. नवव्या दिवशी माझं डोकं फिरलं.

"चाचा, तुमची बोटं काय ड्रायव्हरचाचांनी उडवली?" मी हवालदारचाचांना विचारलं.

"नाही रे," ते शांतपणे म्हणाले. "मला राग होता, तो गेला. पण त्याच्या पोरीला हे माहीत आहे? उद्या गावात कुणी बोललं, तर तिनं माझ्या घरात येऊन मान खाली घालायची? आधी बापानं तिला कळवावं. मग ती हो म्हणाली तर माझी ना नाही."

मला हे सुचलंच नव्हतं, याची आजही लाज वाटते.

पत्र मी लिहिलं, पण शब्द सगळे ड्रायव्हरचाचांचे. दोनदा ते मध्येच उठून बाहेर गेले. मी एक वाक्य जरा मऊ करून लिहिलं, तर त्यांनी वाचून दाखवायला लावलं आणि खोडायला सांगितलं. पत्र आगबोटीनं गेलं. त्यानंतर आगबोट आली की ते काही ना काही निमित्त काढून माझ्या कचेरीत येऊन बसायचे.

दीड महिन्यानं उत्तर आलं. मुलगी सातवीपर्यंत शिकलेली, अक्षर माझ्याहून सुबक. ड्रायव्हरचाचांनी हवालदारचाचांना मुद्दाम समोर बसवलं आणि मला म्हणाले, "यल्ला, चल, वाच. जे असेल ते."

मी वाचलं: "अब्बा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. फौजेतलं मला फार कळत नाही. पण शाळेत शिकले होते की त्या मुलखात बर्फ पडतो. तुम्हाला तिथं पांघरायला काही होतं का?"

ड्रायव्हरचाचा सगळ्यांदेखत रडले. मीही रडलो, लपवत नाही. हवालदारचाचांनी माझ्या हातातलं पत्र घेतलं, उगाच उलटसुलट केलं, आणि म्हणाले, "तिला लिही, तुझा सासरा विचारतोय, निकाह कधी करायचा. तारीख तिलाच ठरवू दे."