ऐरोलीच्या आईंचं मत

लग्नानंतर नेरूळला राहायला आले तेव्हा आमच्या सेक्टरमध्ये किराणा दुकानं होती, दवाखाने होते, मुलांचे क्लासेस होते, वाचनालय नव्हतं. माझं माहेर दादरचं. तिथे घराखाली वाचनालय, आणि पुस्तक परत करताना काउंटरवरच्या बाईंशी त्यावर दोन शब्द बोलायची सवय. नेरूळला पुस्तकं विकत घेऊन वाचत होते, पण वाचून झाल्यावर बोलायचं कुणाशी? नवरा ऐकून घ्यायचा, एवढंच.

मग त्याने कामासाठी घरी इंटरनेट घेतलं आणि मला मराठी वाचकांची, ईमेलवर चालणारी एक मेलिंग लिस्ट सापडली. पुणे, नागपूर, बहारीन, अमेरिका, कुठकुठली माणसं. प्रत्येकाने वाचलेल्या पुस्तकावर लिहायचं, बाकीच्यांनी उत्तरं द्यायची. सगळं रोमन लिपीत, त्यामुळे ‘वाट’ आहे की ‘वात’ हे अंदाजाने ठरवावं लागे. मी भीत भीत एका कथासंग्रहावर दहा ओळी लिहिल्या. दुसऱ्या दिवशी चार जणांची उत्तरं आली होती. दोघांना माझं म्हणणं अजिबात पटलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की ती उत्तरं मी नवऱ्याला जेवताना वाचून दाखवली.

काही महिन्यांनी लिस्टवर अमेरिकेतल्या एका सभासदाने लिहिलं, “माझी आई ऐरोलीला असते. काचबिंदूने तिची नजर गेली. तिला वाचनाचं वेड आहे. पुस्तकांच्या कॅसेट कुठे मिळतात का?” उत्तरं बरीच आली, पण कॅसेट मिळत होत्या त्या भजनांच्या आणि प्रवचनांच्या. मी लिहून टाकलं, की मी नेरूळला राहते, शनिवारी सुट्टी असते, मी जाऊन वाचून दाखवीन.

“ओळख ना पाळख, सरळ घरी जाणार?” नवरा म्हणाला.

“पुस्तकांवरून ओळख आहे की.”

“मग पहिल्या वेळी मी येतो सोडायला.”

कारखान्यांचा वास अंगावर घेत आम्ही बसने ठाणे-बेलापूर रस्त्याने गेलो. घर ऐरोलीच्या जुन्या गावठाणात होतं. शेतजमीन औद्योगिक वसाहतीत गेल्यावर बांधलेली तीन मजली इमारत, वर भाडेकरू, खाली हे कुटुंब. मोठा मुलगा, त्याची बायको, दोन मुलं आणि आई. लुगडं नेसलेल्या, ताठ बसणाऱ्या आई खिडकीजवळच्या पलंगावर होत्या.

“ये गो बाय, बस. माज्या पोरानं धाडलाय ना तुला?”

“त्यांनी नाही, मीच आले.”

“मंग तर बराच झाला.”

त्या शाळेत गेल्या नव्हत्या. धाकटा मुलगा अभ्यासाला बसला की त्याच्या शेजारी बसून अक्षरं शिकल्या, आणि पुढे तो शाळेतून आणील ती पुस्तकं वाचत गेल्या. तो इंजिनियर होऊन परदेशी गेला, तरी येताना पुस्तकं घेऊनच यायचा. नजर गेली आणि ते थांबलं.

मुलाने आईसाठी एक कादंबरी सुचवली होती. दुष्काळी गावातल्या एका बाईची. लिस्टवर सगळ्यांनी तिची तारीफ केली होती, मीसुद्धा. मी मन लावून वाचायला लागले. दोन प्रकरणं झाल्यावर आईंनी हात वर केला.

“थांब. ही बाई सकालपासून रडते. पानी नाय, भाकर नाय, नवरा मारतोय. ह्ये सगला मी पायलाय. मना दुसरा काय तरी वाच.”

“तुमचं मत लिस्टवर लिहू का?”

“लिव की. घाबरतेस कोनाला?”

मी त्यांच्याच शब्दांत लिहिलं. आठवडाभर धुमाकूळ झाला. नागपूरच्या एका प्राध्यापकांनी लिहिलं, की दोन प्रकरणांवर पुस्तक सोडणं हा लेखकावर अन्याय आहे. बहारीनच्या एका बाईंनी लिहिलं, की मीही तिथेच सोडलं होतं, सांगायची हिंमत नव्हती. शेवटी अमेरिकेतल्या मुलाची एकच ओळ आली, “मला वाटलं होतं, तिला ते आपलंसं वाटेल.”

पुढच्या शनिवारी ती ओळ मी आईंना सांगितली.

“आपला हाय म्हनून तर नको,” त्या म्हणाल्या. “त्याला सांग, लांबचा काय तरी दे.”

मग लिस्टने लांबचं शोधायला सुरुवात केली. हिमालयात एकटीने भटकलेल्या एका बाईंचं प्रवासवर्णन निघालं आणि आई त्यात बुडून गेल्या. बर्फाची, सूर्योदयाची वर्णनं त्या सोडून देत नसत, पण मध्येच विचारायच्या, “ती रातची एकटी झोपते कुठं? भ्या नाय वाटत?” मी हे प्रश्न लिस्टवर टाकायचे. लोक आता पुस्तकावर लिहिताना शेवटी विचारू लागले, ‘ऐरोलीच्या आईंना हे आवडेल का?’

एकदा मी वाचत असताना अमेरिकेहून फोन आला. एरवी या फोनवर तब्येत, औषधं, हवा, आणि ‘ठेवतो’, असं चालायचं. त्या दिवशी आई पुस्तकावर बोलायला लागल्या. मुलगा तिकडून काही म्हणाला. “नाय रं, तसा नाय,” आई म्हणाल्या, “ती घर सोडून गेली त्ये रागानं नाय गेली. तिला जायचा होता म्हनून गेली.” बराच वेळ मायलेकांचा वाद झाला. मग त्याच म्हणाल्या, “ठेव आता. ही बाय खोलंबली हाय, पुढचा पान ऐकायचा हाय.”

पुढे मला कावीळ झाली आणि बरेच शनिवार चुकले. बरी होऊन गेले तेव्हा पुस्तकातली खूण पार पुढे सरकलेली दिसली.

“कोणी वाचलं?” मी विचारलं.

“इचार तिला,” आई म्हणाल्या.

सून चहा घेऊन दारात उभी होती. इतके महिने ती चहा ठेवून आत जायची. मला वाटायचं तिला यात रस नाही. ती खाली बघत म्हणाली, “मी आतून ऐकायचे. तुमी आल्या नाय, नि ती बाई नदी पार झाली का नाय तेच समजना. भात लावला नि बसले वाचायला. मी सातवीच शिकलेय, अडकते मधी मधी.”

“लय हलू वाचते,” आई म्हणाल्या, “पन आवाज काढून वाचते. पुस्तकातली बाई कशी बोलते तशी.”

“मंग एवरेस्टच्या पायथ्याशी ती रडली ते कसा वाचू? सुखानं?”

“रडली नाय ती. दमली होती.”

“रडली, आय. लिवलाय तसा.”

चहा निवत होता आणि दोघी हमरीतुमरीवर आल्या होत्या. मी पान काढून दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. त्या रविवारी लिस्टवर ऐरोलीहून पहिल्यांदा दोन मतं गेली. मुलाचं उत्तर लगेच आलं, “वहिनीला काय आवडतं? तिला कधी विचारलंच नाही कुणी.” वहिनीला विनोदी पुस्तकं हवी होती. ती पोस्टाने आली.

डिसेंबरात मुलगा सुट्टीवर आला. मला जेवायला बोलावलं होतं. लिस्टवर लांबलचक लिहिणारा हा माणूस प्रत्यक्षात फार कमी बोलणारा निघाला. “तुमचे आभार कसे मानू,” एवढं म्हणून भातात सार ओतत राहिला.

जेवणं झाल्यावर आईंनी त्याला पुस्तक घ्यायला लावलं. तो वाचायला लागला. एक-दोन ठिकाणी अडखळला, वहिनी हसू दाबत उच्चार सांगत गेली. तिची मुलं जमिनीवर पसरली होती. मोठा भाऊ दाराशी येऊन उभा राहिला, मग खुर्ची ओढून बसला. माझ्या हातात पुस्तक नव्हतं, कुठे थांबायचं हे मला ठरवायचं नव्हतं. कुणीतरी वाचून दाखवतंय आणि मी ऐकतेय, असं लहानपणानंतर पहिल्यांदाच होत होतं. मी पाय वर घेऊन पलंगाच्या कोपऱ्यात टेकून बसले.

प्रकरण संपलं तेव्हा मुलाने विचारलं, “आय, कसा वाटला?”

“मत मागाहून सांगीन,” आई म्हणाल्या. “आदी पुढचा वाच.”