मागच्या भिंतीशी

"आण इकडे."

दोन्ही हात पुढे, तळवे वर, आणि हे दोन शब्द. लेकरू कडेवर घेतलेली कोणतीही बाई विहाराच्या दारातून आत आली की मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या मावशी एवढंच म्हणायच्या. ओळख असो वा नसो. नवी आलेली बाई गांगरायची, लेकराला आणखी घट्ट धरायची. मावशींचे हात तसेच पुढे असायचे. "आण न माय. खात नाही मी त्याले. तू जाय समोर, बस निवांत."

अशी एखादी बाई तुम्हीही कुठे ना कुठे पाहिली असेल. देवळात, दर्ग्यात, गुरुद्वारात. तिला तिथे काही पद नसतं, तिचं नाव कुठल्या पाटीवर नसतं, आणि तरी ती आली नाही तर सगळ्यांचं काहीतरी अडतं. जबलपूरच्या घमापूर भागातल्या आमच्या बुद्धविहारात त्या होत्या मावशी.

तरुणपणीच त्यांचा नवरा गेला. त्याच्या जागेवर त्यांना फॅक्टरीत नोकरी मिळाली. दारूगोळ्याच्या लाकडी पेट्यांना हिरवा रंग द्यायचं काम. निवृत्त झाल्या तोवर बोटांच्या पेरांना भेगा पडून त्या कायमच्या झाल्या होत्या. तान्ह्या बाळाच्या गालाला हात लागू नये म्हणून त्या मनगटाच्या मागच्या बाजूनं त्याचे डोळे पुसायच्या.

"माझी पोरं फॅक्टरीच्या पाळणाघरात वाढली," त्या सांगायच्या. "सकाळी देऊन द्यायची, संध्याकाळी झोपलेली घेऊन यायची. मले त त्याईले कडेवर घ्यायलेच भेटलं नाही. आता घेऊन राहिली. दुसऱ्याचे घेऊन राहिली, काय बिघडलं?"

लेकरांची नावं त्यांच्या कधी लक्षात राहिली नाहीत. त्यांनी त्यांना फॅक्टरीतली पदं वाटून टाकली होती. गप्प पडून छताकडे बघणारं बाळ म्हणजे 'स्टोअरकीपर'. दुसऱ्याच्या हातातलं बिस्कीट ओढणारा 'ठेकेदार'. प्रवचन सुरू होताच गाढ झोपणारा गुबगुबीत मुलगा म्हणजे 'जनरल मॅनेजर'. "मीटिंग चालू झाली की साहेब झोपले," म्हणून त्या त्याच्यावर ओढणी टाकायच्या. माझी मुलगी होती 'युनियन लीडर'. कारण ती जी ओरडायला लागायची ती मागण्या मान्य होईस्तोवर थांबायची नाही, आणि मागण्या काय आहेत हे कोणालाच कळायचं नाही.

हे मी आज हसून लिहिते आहे. तेव्हा मला हसू येत नव्हतं.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लग्न होऊन जबलपूरला आले. नवरा रेल्वेत. घर महाराजपूरकडच्या एका कॉलनीत. शेजारी सगळे हिंदी बोलणारे, चांगले लोक, 'भाभीजी, भाभीजी' करणारे. पण मला दिवसभर डोक्यात शब्द जुळवून मग बोलावं लागायचं. रविवारी नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून विहारात जायचं, आणि तिथल्या बायकांच्या तोंडून "काहून उशीर झाला?" ऐकलं की आठवड्याभराचा आखडलेला जबडा सैल झाल्यासारखं वाटायचं.

मग मुलगी झाली.

ती रडायची, आणि मी तिच्याकडे बघत बसायची. ती झोपली तरी मला झोप यायची नाही. सगळे म्हणत होते, किती गोड आहे. मला ती कोणीतरी सांभाळायला ठेवून गेलेली, आणि न्यायला न आलेली अशी वाटायची. दूध पाजायची, लंगोट बदलायची, अंघोळ घालायची, सगळं करायची. आत मात्र काही हलत नव्हतं. माझी आई गावाकडे आजारी होती, तिला फोनवर सांगायची सोय नव्हती. नवऱ्याला वाटायचं, मी थकले आहे. सासूबाईंना वाटायचं, मी आळशी आहे.

तिला घेऊन पहिल्यांदा विहारात गेले त्या रविवारी मावशींनी हात पुढे केले आणि मी ते गाठोडं लगेच देऊन टाकलं. जरासुद्धा गांगरले नाही. समोर जाऊन बसले. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या लावलेल्या होत्या, शेजारी निळ्या कोटातली तसबीर, ताजा हार. वंदना झाली, प्रवचन झालं. बाकीच्या बाया उठून आपापली लेकरं घ्यायला मागे गेल्या. मी बसूनच राहिले. शेवटी नवऱ्यानं मुलीला आणलं. पुढच्या रविवारी तसंच झालं. त्याच्या पुढच्याही.

मग एकदा मावशी स्वतःच उठून आल्या. हॉल जवळजवळ रिकामा झाला होता. गुडघ्यावर हात ठेवत त्या माझ्या शेजारी बसल्या. युनियन लीडर त्यांच्या खांद्यावर चक्क झोपली होती.

"तू घ्यायले येत नाहीस हिले," त्या म्हणाल्या.

मी पदर सारखा केला.

"साऱ्या पोरी वंदना संपायच्या आधीच मागं वळून वळून पाहतात. तू पाहत नाहीस. काहून?"

त्यांच्या आवाजात रागवणं नव्हतं. डबा का नाही आणला, असं विचारावं तसं विचारलं होतं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशी, ही नसती तर बरं झालं असतं, असं वाटतं मला. नाहीतर मी तरी नसावं."

हे मी कुणाजवळच बोलले नव्हते. हिंदीत तर बोलूच शकले नसते. शब्द जुळवेपर्यंत धीर गेला असता. बोलल्यावर मला वाटलं, आता या किंचाळतील, चार बायका गोळा करतील. मावशींनी मुलीला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "कधीपासून?"

मग मी रडले. बाळंतपणानंतर पहिल्यांदा. त्या तिथेच बसून राहिल्या. विहाराला कुलूप लावायला आलेल्या माणसाला त्यांनी हातानंच 'थांब' म्हणून खुणावलं, आणि तो बाहेर पायरीवर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात ऑटो थांबली. मावशी उतरल्या, भाड्यावरून ऑटोवाल्याशी दोन शब्द भांडल्या, आणि "जय भीम, ताई" म्हणत सरळ सासूबाईंसमोर येऊन बसल्या.

"सुनेले दवाखान्यात दाखवायचं आहे. लेडी डॉक्टरले."

"काय झालं तिला? खाते-पिते व्यवस्थित," सासूबाई म्हणाल्या. "आजकालच्या पोरींना जरा लेकरू रडलं की जमत नाही. आमच्या वेळी असले लाड नव्हते."

"नव्हतेच, ताई," मावशी म्हणाल्या. "माझी धाकटी बहीण अशीच गुमसुम राहायची बाळंतपणानंतर. आम्ही बी म्हटलं, लाड करून राहिली. तिचं लेकरू मंग माझ्या आईनं वाढवलं."

मी दाराच्या आड उभी होते. सासूबाई उठल्या, आत गेल्या. मला वाटलं, रागावल्या. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांनी साडी बदललेली होती आणि हातात पर्स होती.

"चला," त्या म्हणाल्या. "मी पण येते."

तशा आम्ही तिघी आणि बाळ, एकाच ऑटोत दाटीवाटीनं बसून सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी मला बरंच विचारलं, शांतपणे ऐकून घेतलं, आणि सांगितलं की हा आजार आहे, त्याला नाव आहे, औषध आहे. दूध पाजताना चालतील अशा गोळ्या दिल्या. सगळ्यात मोठं औषध झोप, असंही म्हणाल्या. बाहेर निघताना मावशी दारातून परत फिरल्या.

"मॅडम, ठीक हो जाएगी न?"

"हो जाएगी, अम्मा. थोड़ा टाइम लगेगा."

"टाइम है," मावशी म्हणाल्या. "रिटायर हूँ मैं."

आणि खरंच तो वेळ त्यांनी दिला. दुपारची जेवणं झाली की घमापूरहून त्या यायच्या. चपला काढल्या की हात पुढे. "आण इकडे. तू झोप." मी आतल्या खोलीत पडायची. बाहेर मावशी आणि सासूबाईंच्या गप्पा चालायच्या, भाज्यांचे भाव, कुणाच्या सोयरिकी, फॅक्टरीतल्या कुठल्याशा फोरमनच्या खोड्या. मध्येच युनियन लीडरचा मोर्चा निघायचा आणि दोघी मिळून तो शमवायच्या. त्या आवाजात मला झोप लागायची. पुढे पुढे सासूबाई स्वतःच म्हणायला लागल्या, "जा, पड जरा."

मी केव्हा बरी झाले ते सांगता येणार नाही. एक दुपार मात्र आठवते. मी झोपून उठले, बाहेर आले. मावशींच्या मांडीवर मुलगी पडली होती आणि त्यांच्या तोंडाकडे बघून खदखदा हसत होती. मावशी गाल फुगवून फुस्स करत होत्या. मी उभी राहून बघत होते, आणि बघता बघता मला मावशींचा राग आला. स्वच्छ, सरळ राग. माझं लेकरू हिच्याकडे बघून काय हसतं?

"द्या मावशी," मी म्हटलं. "किती वेळ घेऊन बसलात."

त्यांनी वर बघितलं. माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं कोण जाणे, त्यांचे डोळे भरून आले.

"घे बाई, घे. मले वाटलं, ठेवूनच घ्या लागते का काय."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी येणं बंद केलं. रविवारी विहारात म्हणाल्या, "आता कामावर नाही येत मी. सुट्टी झाली माझी."

काही वर्षांनी विहार नव्यानं बांधला. पत्रे गेले, स्लॅब आला, पांढरी फरशी आली, मोठी मूर्ती आली. त्या निमित्तानं स्मरणिका काढायची ठरली. कमिटीचे सचिव, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले शिस्तीचे गृहस्थ, प्रत्येकाला विचारत फिरत होते, विहारातलं तुम्हाला सर्वांत मोलाचं काय वाटतं? लोक विचार करकरून उत्तरं देत होते. शांती. धम्माचा विचार. ग्रंथालय. मावशींनी क्षणभरही विचार केला नाही.

"मागची भिंत."

"मागची भिंत?"

"टेकता येते, साहेब. लेकरू घेऊन टेकल्याशिवाय कसं बसाल?"

हे काही स्मरणिकेत छापून आलं नाही. उलट नव्या हॉलच्या दाराशी एक पाटी लागली: ध्यानाच्या वेळी लहान मुलांना आत आणू नये. मावशींनी ती वाचली आणि सचिवांना म्हणाल्या, "पाटी छान आहे जी. पण जे रडतात त्याईले वाचता कुठं येते?" सचिव हसले. पाटी राहिली. आया पोरांना घेऊन बाहेर चपलांजवळ उभ्या राहू लागल्या.

पुढे उन्हाळ्याच्या सुट्टीत सचिवांची सून माहेराहून थेट इकडे आली, तान्हा मुलगा घेऊन. रविवारी ध्यान सुरू झालं आणि पोरानं सूर लावला. सचिव मान खाली घालून बसले. सून लाजून उठली, बाहेर गेली. मावशी तिच्या मागे गेल्या, पोराला घेतलं, तिला दंडाला धरून आत आणलं आणि समोर बसवलं. स्वतः आपल्या जागेवर बसून त्याला थोपटत राहिल्या. तो काही लगेच गप्प झाला नाही. सून मात्र डोळे मिटून बसली, आणि ध्यान संपलं तरी तिनं ते उघडले नाहीत. गालांवरून पाणी वाहत होतं. सचिव तिच्याकडे बघत होते. पुढच्या रविवारी पाटी दिसली नाही. कुणी काढली, हे कुणी विचारलं नाही.

माझी मुलगी आता कॉलेजात जाते. तिला मराठी समजते, बोलायला लागली की हिंदीत घसरते. मागच्या वर्षी मी तिला हे सगळं सांगितलं, काहीही न लपवता. मला धाकधूक होती. तिनं ऐकून घेतलं, बराच वेळ माझा हात धरून बसली, आणि मग म्हणाली, "मम्मी, मी सच में इतना रडायची?"

त्यानंतर तिचाच हट्ट, मावशींना भेटायचं. मावशी तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या. आम्ही गेलो. मुलगी त्यांच्या पायाशी बसली. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही त्या दिवशी विचारलं नसतं तर..."

"भाजी कोणती केली आज?" त्यांनी मध्येच विचारलं.

"वांग्याची."

"मले नाही आणली?"

दुसऱ्या दिवशी नेली. दोन घास खाल्ले, म्हणाल्या, मीठ कमी आहे. मला फार बरं वाटलं.

थंडीत त्या गेल्या. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला विहार भरून गेला होता. त्यानंतरच्या रविवारी आम्ही नेहमीसारखे जमलो. वंदना सुरू झाली तसं एक बाळ रडू लागलं, त्याचं ऐकून दुसरं, मग तिसरं. वंदना म्हणवून घेणाऱ्या भन्तेजींनी आवाज चढवून पाहिला, मग तेही हसले आणि तसंच म्हणत राहिले. त्या दिवशी वंदना कोणालाच धड ऐकू आली नाही. हॉलभर लेकरं रडत होती, आणि त्यांना घेऊन एकही बाई उठून बाहेर गेली नाही.